चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर समाधान

दप्तरदार

मुंबईच्या लोकल गाड्यांत ११ जुलै २००६ ला झालेल्या बॉम्बस्फोटांच्या, म्हणजे ७/११ च्या खटल्यातल्या बाराही जणांना मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ ला निर्दोष सोडलं, तेव्हापासून माझ्या प्रत्येक ग्रुपवर एकच प्रश्न फिरतोय : 'मग १८९ माणसं आपोआप मेली का?' प्रश्न रास्त आहे. तो न्यायमूर्तींना विचारला जातोय, एवढंच मला खटकतं. २००६ साली ज्यांनी गुन्ह्याची उकल झाल्याचं जाहीर केलं त्यांना कुणी विचारत नाही.

पण ७/११ चं नाव काढलं की लोक आधी आरोपीचा धर्म बघतात आणि मग सवड मिळाली तर पुरावा. म्हणून मुद्दाम दुसरं प्रकरण घेतो. त्यात दहशतवाद नाही, पाकिस्तान नाही, मोक्का हा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदाही नाही.

जून २००३. नाशिकजवळ शेतातल्या एका झोपडीवर रात्री दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, एका अल्पवयीन मुलीवर मारण्याआधी बलात्कार झाला. आई आणि एक मुलगा जबर जखमी होऊन वाचले. पोलिसांनी सहा जण धरले, भटक्या जमातीतले, हातावर पोट असलेले. २००६ साली सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ साली उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशीच्या रांगेत नेऊन बसवलं. आणि मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने पुनर्विचार अर्ज नव्याने ऐकून सहाच्या सहा जणांना निर्दोष सोडलं.

कशामुळे? त्या वाचलेल्या आईने घटनेनंतर दोन दिवसांतच पोलिसांच्या अल्बममधल्या फोटोंवरून चार जण ओळखले होते. ते चौघे या सहांपैकी नव्हते. पोलिसांच्या अल्बमात फोटो म्हणजे नाव-गाव पोलिसांकडे असणारच. तरी त्या चौघांचा तपासच झाला नाही. पुढे खटल्यात मात्र साक्षीदारांनी या सहांकडे बोट दाखवलं, आणि ते बोट तीन कोर्टांनी मान्य केलं.

सहांपैकी एकजण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, तेही फाशी झाल्यावर पुढे आलं. सुटेपर्यंत सोळा वर्षं गेली. राज्य सरकारने प्रत्येकी पाच लाख रुपये द्यावेत आणि चुकलेल्या अधिकाऱ्यांचा शोध घ्यावा, असं कोर्टाने बजावलं.

आता माझं म्हणणं. 'शंभर अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराधाला शिक्षा नको' हे वाक्य आपण असं वापरतो, जणू दोन्हीपैकी एकच काहीतरी पदरात पडणार आहे. नाशिकला काय झालं? निरपराध आत गेले आणि अपराधीही सुटले. चुकीचा माणूस धरला की खऱ्याचा शोध त्याच दिवशी थांबतो, फाइल बंद होते, बढत्या होतात, गावकरी पेढे वाटतात. उच्च न्यायालयाने ७/११ च्या निकालाच्या सुरुवातीलाच हे लिहून ठेवलंय : गुन्हा सुटल्याचा खोटा देखावा समाजाला दिलासा देतो, आणि खरा धोका मोकळा फिरत राहतो.

तेव्हा मला तीन गोष्टी हव्यात. पोलिसांसमोर दिलेल्या कबुलीवर शिक्षा नको, फाशी तर अजिबात नको. तपासाच्या चुकीने आत गेलेल्याला कायद्याने भरपाई. आणि अशी सुटका झाली की तपास पुन्हा उघडणं सक्तीचं.

विरार_फास्ट

प्रकरण हुशारीने निवडलंत. नाशिकच्या सहा जणांबद्दल कोण वाद घालणार? पण धाग्याची सुरुवात केलीत ७/११ ने, म्हणून मी तिथेच थांबतो.

मी त्या काळात रोज चर्चगेटहून विरार गाठायचो, फर्स्ट क्लासने. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. ही नावं मला निकालपत्रातून वाचावी लागत नाहीत. दहा-अकरा मिनिटांत सात स्फोट. आमच्या डब्यातले चेहरे दुसऱ्या दिवसापासून कमी झाले ते झालेच.

विशेष न्यायालयाने वर्षानुवर्षं साक्षी ऐकल्या. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की त्याचा चेहरा, त्याचं अडखळणं न्यायाधीशाला दिसतं. त्यांनी २०१५ साली पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली, एकाला सोडलंसुद्धा. म्हणजे डोळे झाकून शिक्के मारले नव्हते. उच्च न्यायालयाने दहा वर्षांनी तोच कागद वाचला आणि म्हणे विश्वास बसत नाही. बरं, तीन दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा निकाल दुसऱ्या कुठल्या खटल्यात दाखला म्हणून वापरायचा नाही. अपील अजून बाकी आहे. मग तुम्ही 'निरपराध' हा शिक्का इतक्या घाईने का मारता? पुरावा पुरला नाही आणि त्याने केलं नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दप्तरदार

अपील बाकी आहे, मान्य. सोडलेल्यांना परत तुरुंगात पाठवायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला, हेही त्याच आदेशात आहे. अर्धा आदेश वाचू नका.

चेहरा बघून निकाल द्यायचा म्हणता, तर या खटल्यात चेहरे कसे ओळखले गेले ते बघा. टॅक्सीवाल्यांना स्फोटानंतर शंभरहून अधिक दिवसांनी आठवण झाली. ज्याने ओळख परेड घेतली त्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच उरला नव्हता. कबुलीजबाबांतले मजकूर एकमेकांशी इतके जुळत होते की वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या अधिकाऱ्यांपुढे ते स्वतःहून सांगितले असं मानणं कोर्टाला अवघड गेलं. छळ करून कबुली घेतल्याचं म्हणणं कोर्टाने ग्राह्य धरलं. आणि सगळ्यावर कडी म्हणजे बॉम्ब कोणत्या प्रकारचे होते हेच सरकारी पक्षाला सिद्ध करता आलं नाही.

आणखी एक. २००८ साली मुंबईच्याच क्राइम ब्रँचने इंडियन मुजाहिदीन या दहशतवादी संघटनेचे लोक पकडले. त्यातल्या एकाने ७/११ आम्ही केलं अशी कबुली दिली. म्हणजे एकाच शहरात एका शाखेकडे एक कबुली, ७/११ चा तपास करणाऱ्या एटीएसकडे (दहशतवादविरोधी पथकाकडे) दुसरी. दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. मग पोलिसांसमोरच्या कबुलीची किंमत काय राहिली? तुमच्या डब्यातल्या माणसांचा खुनी कोण, हा प्रश्न माझाही आहे हो.

खाकीतून निवृत्त

इतका वेळ नुसता वाचत होतो. एटीएसमध्ये कधी नव्हतो, तालुक्यातल्या ठाण्यांतच नोकरी गेली. तेवढ्यापुरतं सांगतो.

तुम्हा लोकांना वाटतं की पोलीस सकाळी उठतात, रस्त्यावरून कुणीतरी गरीब माणूस उचलतात आणि त्याच्यावर खून टाकतात. असं क्वचित होतं. नेहमी होतं ते वेगळं. आयओला, म्हणजे तपास अधिकाऱ्याला, माणूस कोण ते माहीत असतं. गावाला माहीत असतं. पण पुरावा नसतो. बघणारा बोलत नाही, बोलला तर सही करत नाही, सही केली तर कोर्टात फिरतो. पंच म्हणून चांगला माणूस यायला तयार नसतो, कारण एकदा पंच झाला की सात वर्षं तारखा. मग तोच हमखासचा पानटपरीवाला, त्याच्या सह्या दहा पंचनाम्यांवर. वर बंदोबस्त, मंत्र्यांचे दौरे, गणपती, निवडणूक. अशा वेळी आयओ पुरावा 'बसवतो'. कोयता सापडला असतो विहिरीपाशी, पंचनाम्यात तो आरोपीने काढून दिला असा येतो. माणूस खरा असतो, कागद खोटा असतो.

हे चुकीचं आहे. पण तुम्ही ज्याला निरपराध म्हणून हार घालता, त्यातले कित्येकजण असे कागदावर सुटलेले असतात. खरा माणूस खोट्या पंचनाम्यामुळे सुटला, तर ते कुणाच्या खात्यावर लिहायचं?

दप्तरदार

तुमच्या.

नाही, टोला म्हणून म्हणत नाही. तुम्ही जे लिहिलंत ते एवढ्या स्पष्टपणे खात्यातला माणूस लिहीत नाही, त्याबद्दल आभार. पण 'माहीत असतं' म्हणजे काय? मालेगावात सप्टेंबर २००६ मध्ये शबे-बारातच्या दिवशी स्फोट झाले, मरणारे मुसलमान, एटीएसने नऊ मुसलमान धरले. त्यांनाही माहीतच होतं. आरोपपत्र झालं, कबुल्या झाल्या. मग तपास एनआयएकडे (राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे) गेला आणि वेगळ्याच विचारांची, वेगळीच माणसं आरोपी झाली. पहिले पाच वर्षं आत राहून जामिनावर सुटले, २०१६ साली आरोपमुक्त झाले. पहिल्या तपासातला प्रत्येक अधिकारी शपथेवर सांगेल की त्याला 'माहीत होतं'.

खरा माणूस आणि खोटा कागद, असं तुम्ही म्हणता. कागद खोटा असेल तर माणूस खरा हे ठरवलं कुणी? तुम्हीच. बाहेरच्या कुणाला ते तपासायला काही शिल्लकच राहत नाही.

मुक्काम नाशिकरोड

नाशिकच्या प्रकरणाबद्दल थोडं. निकाल लागला तेव्हा आमच्याकडे कुणी फार हळहळलं नाही, हे सांगायला हवं. २००३ साली जे झालं ते इतकं भयानक होतं की सहा जण धरले गेल्यावर लोकांनी नि:श्वास टाकला, आणि सोळा वर्षांनी ते सुटल्याची बातमी आली तेव्हा लोकांना मूळ घटनाच आठवेना. जी बाई वाचली तिला मात्र दोन्ही वेळा भोगावं लागलं.

आणि 'भटक्या जमातीतले' हे दोन शब्द घाईत वाचू नका. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमाती ३१ ऑगस्ट १९५२ ला विमुक्त झाल्या, कागदावर. दरोडा पडला की पाल कुणाचं उठवायचं हे अजूनही ठरलेलं असतं. ओळखणाऱ्याने चार फोटो दाखवले आणि तरी दुसरेच सहा धरले, हे बंगल्यात राहणाऱ्यांच्या बाबतीत झालं असतं का?

खाकीतून निवृत्त

त्या फोटोंबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. ओळखलेल्या माणसाला आणून विचारायचं, तो त्या रात्री कुठे होता ते तपासायचं, हे कुठल्याही हवालदाराला कळतं. न केल्याची नोंदसुद्धा नसेल तर तो तपास नव्हेच.

एक शक्यता सांगतो, समर्थन नाही. अटक जाहीर झाल्यावर मागे फिरणं खात्यात फार महाग पडतं. पत्रकार परिषद झालेली असते, एसपींचं नाव छापून आलेलं असतं. त्यानंतर आयओ वरिष्ठाकडे जाऊन 'साहेब, बाईंनी दुसरेच ओळखलेत' असं म्हणेल का? म्हणायला हवं. म्हणणारे मी दोन-तीन पाहिलेत. त्यांच्या बदल्या कुठे झाल्या तेही पाहिलंय.

भीमथडी

सगळे मिळून एका बाजूला चाललात, म्हणून थांबवतो.

'शंभर सुटले तरी चालतील.' कुणाला चालतील?

२०१४ साली अहमदनगर जिल्ह्यात खर्ड्याला एका दलित शाळकरी मुलाला मारून टाकलं. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो म्हणून. दिवसाढवळ्या शाळेतून नेला, गावातून नेला. २०१७ साली सत्र न्यायालयाने सगळे आरोपी सोडले. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. तिथे पोलिसांनी कुणाला खोटं गोवल्याची तक्रार नव्हती. कोर्टाने नियमानेच केलं असेल, पुरावा नाही तर शिक्षा नाही. त्या आईबापांना जाऊन सांगा की हे निरपराधाचं रक्षण आहे.

दप्तरदार, तुम्ही म्हणता चुकीची शिक्षा झाली की खराही सुटतो. बरोबर. पण उलटं खरं नाही. खरा सुटला म्हणून कुणी निरपराध वाचतोच असं नाही. खर्ड्यात कुठला निरपराध वाचला? ॲट्रॉसिटीचा खटला उभा राहिला की संशयाचा फायदा नेहमी एकाच बाजूला जातो, आणि आमची पोरं चोरीच्या संशयावरून कोठडीत गेली की तोच फायदा कुठे गायब होतो कळत नाही. तुरुंगात चारातले तीन कैदी कच्चे, म्हणजे खटला न संपलेले आहेत. ते कोण आहेत ते आधी मोजा आणि मग तत्त्व सांगा.

काळा कोट

भीमथडी यांचा मुद्दा नवा नाही. तो सर्वोच्च न्यायालयात आपल्याच राज्याच्या एका खटल्यात मांडला गेलाय. शिवाजी साहेबराव बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९७३. न्या. कृष्ण अय्यर. गरिबाचा कैवारी म्हणून ओळखले जाणारे हे न्यायमूर्ती, आणि तरी त्यांनी त्या निकालात बजावलं की संशयाच्या फायद्याची पूजा फार झाली. दोषी सुटणं हासुद्धा अन्यायच आहे, निरपराधाला शिक्षा होण्याइतकाच. किरकोळ विसंगतीवरून माणसं सोडत गेलात तर लोकांचा कायद्यावरचा विश्वास उडेल आणि मग कायदे अधिक कडक, अधिक आंधळे होतील.

हे शेवटचं भाकीत बघा. टाडा आला, मोक्का आला (१९९९), पोटा आला. साध्या पुराव्याच्या कायद्यात पोलिसांसमोरची कबुली चालत नाही. मोक्काच्या कलम १८ ने उपायुक्त-अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली चालवून घेतली. का? साक्षीदार टिकत नाहीत म्हणून. फितुरीवरचा इलाज म्हणून कबुली आली आणि त्या कबुलीतून ७/११ चा खटला उभा राहिला. दप्तरदार कबुली काढून टाका म्हणतात. चालेल. त्या जागी काय ठेवणार?

जाता जाता : तो आकडा शंभर नाही. इंग्लंडच्या ब्लॅकस्टन या कायदेपंडिताने अठराव्या शतकात दहा लिहिला होता. शंभर केले ते बेंजामिन फ्रँकलिनने. आमच्याकडे वकील लोक भाषणाच्या भरात हजारपर्यंतही जातात.

दप्तरदार

त्याच बोबडे निकालात दुसरं वाक्य आहे, ते तुमच्या फाइलीतून गळलं काय? आरोपी दोषी 'असू शकतो' आणि 'असलाच पाहिजे' यातलं अंतर लांब आहे, आणि तेवढं अंतर ओलांडल्याशिवाय शिक्षा करता येत नाही. एकाच न्यायमूर्तींनी एकाच निकालात दोन्ही लिहिलं. त्यांना त्यात विरोध दिसला नाही. (आणि बोबडेला शिक्षा कायम झाली, हेही खरं. पुरावा भक्कम असेल तर हीच कसोटी आरोपीला आत ठेवते.)

भीमथडी, खर्ड्याबद्दल तुम्ही म्हणता ते मी खोडणार नाही. पण तिथे काय कमी पडलं? शिक्षेचा पुराव्याचा निकष जड होता म्हणून आरोपी सुटले की साक्षीदाराला गावात परत जाऊन जगायचं होतं म्हणून? निकष सैल केला तर त्या गावात खोटे साक्षीदार उभे करायलाही तेवढंच सोपं होईल, आणि ते कुणाविरुद्ध उभे राहतील हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. कबुलीच्या जागी काय ठेवणार, याचं उत्तर तिथेच आहे. साक्षीदाराला संरक्षण, आणि त्याचा जबाब सुरुवातीलाच न्यायदंडाधिकाऱ्यापुढे.

भीमथडी

साक्षीदाराला संरक्षण म्हणजे दारात एक पोलीस बसवणार ना? तोही त्याच गावच्या पाटलाकडे चहा पितो. संरक्षण जमिनीचं हवं, रोजगाराचं हवं. मजुरी ज्याच्या शेतावर, साक्ष त्याच्या पोराविरुद्ध. हे सर्वोच्च न्यायालयाच्या साक्षीदार योजनेत कुठे बसतं ते सांगा.

निकष सैल करा असं मी म्हणालोच नव्हतो. सोडून दिल्यावर 'न्याय झाला' म्हणू नका, एवढंच म्हणालो.

क्रॉयडनकर

इकडची एक गोष्ट. ब्रिटनमध्ये पोस्टाची छोटी दुकानं चालवणाऱ्या नऊशेहून अधिक लोकांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब यासाठी शिक्षा झाल्या. १९९९ ते २०१५. त्यात भारतीय वंशाचे दुकानदार पुष्कळ होते. गुन्हा कुणीच केला नव्हता. होरायझन नावाची संगणक प्रणाली हिशेबात खोटी तूट दाखवत होती. इथल्या कायद्यात गृहीतच होतं की उलट दाखवल्याशिवाय संगणक बरोबर चालतोय असंच मानायचं. लोकांनी घरं विकून 'तूट' भरली, तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. अखेर २०२४ साली संसदेने थेट कायदा करून त्या शिक्षा रद्द केल्या.

इथे फितूर साक्षीदार नव्हते, कोठडीतला मार नव्हता, गरीब पोलीस ठाणं नव्हतं. पुरावा अगदी स्वच्छ, छापील. म्हणून 'शास्त्रीय पुरावा आला की सगळं सुटेल' असं लोक म्हणतात, त्यावर माझा भरवसा नाही.

बर्मिंगहॅमच्या पबमधल्या स्फोटांत सहा आयरिश माणसं १९७५ साली दोषी ठरली, १९९१ साली सुटली. त्यानंतर इथे वेगळा आयोगच झाला, १९९७ पासून. अपिलं संपली तरी जुनं प्रकरण उघडून तपासायचं आणि कोर्टाकडे परत पाठवायचं, एवढंच त्याचं काम. तो आयोगही ढिला आहे, त्याच्यावर भरपूर टीका झालीय. पण निदान दार आहे.

विरार_फास्ट

आणि बर्मिंगहॅमच्या खऱ्या गुन्हेगारांचं काय झालं? सहा सुटले, एकवीस माणसं मेली होती. त्यांच्यासाठी नंतर कुणाला शिक्षा झाली?

क्रॉयडनकर

कुणालाही नाही.

अडाणी प्रश्न

मला कायदा कळत नाही, पैशाचं विचारते. सोळा वर्षं आणि पाच लाख, म्हणजे वर्षाला साधारण एकतीस हजार. ते तरी कोण देतं? तपास करणाऱ्याच्या पगारातून जातं की माझ्या-तुमच्या करातून? आणि सुटलेल्या प्रत्येकाला मिळतं का?

काळा कोट

ताई, प्रत्येकाला नाही. जवळजवळ कुणालाच नाही. अक्षरधाम मंदिरावरच्या २००२ च्या हल्ल्यातले सहा जण सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०१४ ला सोडले, निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी, त्यामुळे बातमी कुणी वाचलीसुद्धा नाही. त्यात काहींना फाशी झालेली होती. त्यांनी नंतर भरपाई मागितली, ती मिळाली नाही. हेरगिरीच्या खोट्या प्रकरणात गोवलेले इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना २०१८ साली पन्नास लाख मिळाले, ते नामवंत होते आणि चोवीस वर्षं लढत राहिले. म्हणजे कोर्टाच्या मनात आलं तर, नाहीतर काही नाही. आणि मिळाले तर सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्याच करातून.

विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये २७७ वा अहवाल दिला, याच विषयावर. खास न्यायालयं नेमा, ठरावीक मुदतीत भरपाई द्या. सरकारने तो कायदा अजून केलेला नाही.

भीमथडी

थांबा. म्हणजे खर्ड्याचे आरोपीसुद्धा उद्या अर्ज करणार? 'आम्ही निर्दोष सुटलो, आत होतो त्याचे पैसे द्या'?

काळा कोट

नाही, आणि म्हणूनच तो अहवाल वाचण्यासारखा आहे. निर्दोष सुटला म्हणजे आपोआप भरपाई, असं आयोग म्हणत नाही. खटला आकसाने किंवा प्रामाणिक हेतूशिवाय भरला होता हे अर्जदाराने दाखवायला हवं. साक्षीदार फितूर होऊन सुटलेल्याला त्यात काही मिळणार नाही. नाशिकच्या सहा जणांना मिळालं असतं.

दप्तरदारांना एक सांगतो. तुमची तिसरी मागणी, तपास पुन्हा उघडण्याची, सगळ्यात अवघड आहे. नोएडाजवळच्या निठारीत २००६ साली नाल्यात मुलांची हाडं सापडली. मुख्य आरोपीला फाशी झाली, एका प्रकरणात तर अंमलबजावणी शेवटच्या क्षणी थांबली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२३ साली बहुतेक खटल्यांत सोडलं, शेवटच्या उरलेल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये. आता तिथे जाऊन कोण, कसला पंचनामा करणार? वीस वर्षांपूर्वी ज्या जागा सील करायच्या त्या केल्या नाहीत. पुन्हा उघडायला काही तरी शिल्लक हवं ना.

खाकीतून निवृत्त

नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (१ जुलै २०२४ पासून), झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं आहे, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यकचा माणूस घटनास्थळी यायला हवा. ई-साक्ष्य ॲपवर चढवायचं. माझ्या जागी आता असलेली पोरं सांगतात, रेंज नसते, मोबाइल स्वतःचा, न्यायवैद्यकची गाडी जिल्ह्याला एक. तरी चांगलं आहे. पानटपरीवाल्याची सही कॅमेऱ्यापुढे घ्यायला लागली की कोयता विहिरीपासून आरोपीच्या हातात जाणं कठीण होईल. पहिली काही वर्षं आरोपी जास्त सुटतील, हे लोकांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर पुन्हा कुणीतरी कडक कायदा आणेल.

विरार_फास्ट

सगळं वाचलं. बराच भाग पटला, सगळा नाही. पोलिसांनी पुरावा बसवला म्हणून आरोपी निरपराध, ही उडी मी अजूनही मारणार नाही. निवृत्त साहेबांनीच सांगितलंय की दोन्ही एकत्र असू शकतं.

पण काळा कोट, एक सरळ सांगा. समजा सर्वोच्च न्यायालयानेही ७/११ ची सुटका कायम ठेवली. मग दुसऱ्या दिवशी सकाळी मी, किंवा ज्यांचा माणूस गेलाय असा कुणीही, नेमक्या कुठल्या कार्यालयात जाऊन विचारायचं की आता तपास कोण करतंय? इंडियन मुजाहिदीनच्या त्या कबुलीचं पुढे काय झालं, हे कुणी लेखी देईल का?

काळा कोट

कायद्यात पुढील तपासाची तरतूद आहे. पण ती वापरायची कुणी? पहिला तपास चुकला असं कबूल करून ज्या यंत्रणेने अर्ज करायचा, तीच यंत्रणा आज सर्वोच्च न्यायालयात म्हणतेय की पहिला तपास बरोबर होता. पीडितांच्या नातेवाइकांना स्वतःहून याचिका करता येईल, उच्च न्यायालयात. खर्च त्यांचा. कार्यालय असं कुठलंच नाही.

विरार_फास्ट

मग धाग्याच्या वरच्या तीन मागण्यांत ही पहिली टाका. भरपाई दुसरी.

दप्तरदार

टाकतो. भीमथडींची साक्षीदाराच्या रोजगाराची पण टाकतो. कबुलीवर मात्र मी मागे हटणार नाही.